सकपाळ-आंबेडकर घराणे व वसाहतकालीन लष्करसेवा

सकपाळ-आंबेडकर घराणे : ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या लष्करात सेवा केलेले कोकणातील एक महार कुटुंब. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) यांचे हे घराणे. त्यांचे आजोबा मालोजी सकपाळ, वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि आईचे वडील सुभेदार-मेजर मुरबाडकर हे सर्व लष्करी पेशातील होते. या एका घराच्या इतिहासात परकीय सत्तेच्या सैन्यातील नोकरीने हिंदी कुटुंबाला काय दिले, त्याच सत्तेने ते कसे काढून घेतले आणि युद्धाची निकड निर्माण होताच बंद केलेली दारे पुन्हा कशी उघडली, याचा सलग आलेख पाहावयास मिळतो. महाराष्ट्रातील महार समाजाच्या लष्करी सेवेचा इतिहासही त्याच क्रमाने घडला. त्यामुळे या घराण्याचा वृत्तांत एका व्यापक सामाजिक प्रश्नाचे उदाहरण म्हणून महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी : ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात अठराव्या शतकापासून महारांची भरती होत असे. कंपनीच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख पुष्कळदा ‘परवारी’ या नावाने आढळतो. बंगालच्या लष्करात उच्चवर्णीय शिपायांचे प्राबल्य होते व त्यांच्या सोवळ्याओवळ्याची दखल घेतली जाई. मुंबई लष्करात मात्र निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच पलटणीत, एकाच रांगेत उभे राहत. बढती हुद्द्याप्रमाणे मिळे आणि महार सुभेदारास त्याच्या हाताखालील उच्चवर्णीय शिपायाने सलाम करावा, अशी शिस्त होती. तथापि हिंदी शिपायाला सुभेदार-मेजर या हुद्द्यापलीकडे जाता येत नसे आणि सर्वांत कनिष्ठ इंग्रज अधिकारीही त्याचा वरिष्ठ समजला जाई.

या सेवेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे झालेली लढाई. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील सुमारे ८०० जणांच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या फार मोठ्या सैन्यास दिवसभर थोपवून धरले. या तुकडीत मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पुण्याचे घोडदळ व मद्रासचा तोफखाना यांचा समावेश होता. लढाईच्या स्मरणार्थ तेथे कंपनी सरकारने स्तंभ उभारला. त्यावर कोरलेल्या मृत शिपायांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी महार नावांत येणारा ‘नाक’ हा प्रत्यय आहे. पुढे शंभर वर्षांनी महार समाजाने लष्करात प्रवेशासाठी मागणी केली, तेव्हा हा स्तंभ तिचा दगडी पुरावा बनला.

महारांना लष्कराचे आकर्षण वाटण्याची कारणे गावगाड्याच्या रचनेत शोधावी लागतात. वतनी महारास गावाच्या सीमेची राखण, सरकारी टपाल व ओझी वाहणे, मेलेली जनावरे ओढणे, वाटसरूंना वाट दाखविणे अशी अनेक कामे करावी लागत आणि मोबदल्यादाखल बलुते व थोडीशी वतनी जमीन मिळे. या कामांना वेळकाळाचे बंधन नव्हते आणि ती नाकारण्याची मुभाही नव्हती. याउलट पलटणीतील शिपायास दरमहा ठरलेला रोख पगार मिळे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तो ७ रुपये होता. १८९५ मध्ये तो ९ रुपये व १९११ मध्ये ११ रुपये झाला. रक्कम लहान असली, तरी ती गावच्या पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. शिवाय दीर्घ सेवेनंतर हयातभर निवृत्तिवेतन मिळे. रोख पगार, गणवेश, हुद्दा व निवृत्तिवेतन या चार गोष्टी गावात जन्मलेल्या अस्पृश्यास अन्यत्र क्वचितच लाभत. त्यामुळे बापामागून मुलाने पलटणीत जाण्याची प्रथा पडली आणि कोकणात अनेक लष्करी घराणी निर्माण झाली.

मालोजी व रामजी : सकपाळांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. गावच्या देवीची पालखी वाहून नेण्याचा मान या घराण्याकडे होता. मालोजी सकपाळ लष्करात दाखल झाले आणि या घराण्याचा गावगाड्यापासून दूर जाण्याचा प्रवास सुरू झाला. त्यांचे पुत्र रामजी १८६६ च्या सुमारास सैन्यात भरती झाले व सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. घराणे भक्तिमार्गी होते; रामजी कबीरपंथी असून मांसमद्य वर्ज्य मानीत. मुलांकडून संतांची पदे, रामायण व महाभारत यांचे नित्य वाचन करवून घेण्याचा त्यांचा परिपाठ होता.

रामजींचा विवाह भीमाबाईंशी झाला. त्यांचे माहेर ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. भीमाबाईंचे वडील व त्यांचे सहा बंधू हे सर्व लष्करात सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. मुरबाडकरांच्या मानाने सकपाळांची स्थिती बेताची होती. विवाहानंतरच्या काळात रामजी दूरच्या छावणीत असताना त्यांच्याकडून येणारी रक्कम अपुरी पडे. तेव्हा भीमाबाई मुंबईच्या उपनगरातील सांताक्रूझ येथे राहून रस्त्यावर खडी टाकण्याच्या कामास जात, असेही चरित्रात नोंदले आहे. सुभेदार-मेजराच्या मुलीने खडीच्या कामावर जावे, या घटनेतून लष्करी कुटुंबाच्या जीवनाची दुसरी बाजू दिसते. शिपायाचा पगार ठरलेला असला, तरी पलटण दूर गेली की मागे राहिलेल्या स्त्रीला घर स्वतःच्या कष्टाने चालवावे लागे. सांताक्रूझ त्या वेळी मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे गाव होते. शहराच्या वाढीबरोबर तेथील रस्त्यांची कामे निघत व कोकणातून आलेल्या मजुरांना त्यांवर रोजगार मिळे.

पुढे रामजींची परिस्थिती सुधारली, ती मुख्यतः शिक्षणामुळे. कंपनीच्या लष्करात शिपायांसाठी व त्यांच्या मुलांसाठी शाळा असत आणि त्यांत मुलींनाही शिकविले जाई. गावच्या शाळेत अस्पृश्य मुलास प्रवेश मिळणे दुरापास्त असताना पलटणीच्या शाळेत तो इतरांप्रमाणे शिके. या शाळांना शिक्षक पुरविण्यासाठी निवडक शिपायांना अध्यापनाचे शिक्षण देण्यात येई. रामजींनी पुण्यास असे शिक्षण घेतले व लष्करी शाळेत सुमारे १४ वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते. लष्करात हातात बंदूक आली, हे जितके खरे, तितकेच खरे हे की, त्याच लष्करात या घराण्याच्या हातात पुस्तक आले. पुढील पिढीच्या दृष्टीने पाहता पुस्तक अधिक परिणामकारक ठरले.

रामजी व भीमाबाई यांना एकंदर चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बरीच बालपणीच दगावली. मध्य भारतातील महू येथील छावणीत रामजींची नेमणूक असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव हे चौदावे अपत्य जन्मास आले.

भरतीबंदी : या सुमारास हिंदुस्थानच्या लष्कराच्या धोरणात मूलगामी बदल घडत होता. १८५७ च्या उठावानंतर सैन्याची पुनर्रचना होऊन निरनिराळ्या जमाती परस्परांपासून वेगळ्या ठेवण्याकडे कल वाढला. रशियाच्या मध्य आशियातील विस्तारामुळे वायव्य सरहद्दीस महत्त्व आले. दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८–८०) मुंबई लष्कराच्या पलटणी लढल्या होत्या व त्यांत महार शिपाईही होते. तरीसुद्धा १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्‌स यांनी ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धांत पुढे रेटला. पंजाबी, पठाण, गुरखा इ. जमाती जन्मतःच शूर असून दक्षिणेकडील व किनाऱ्यावरील जमाती युद्धास निकामी आहेत, असे या सिद्धांताचे सार होते. जातवार कंपन्या बांधण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि उच्चवर्णीय शिपाई अस्पृश्य अधिकाऱ्याचा हुकूम मानणार नाहीत, ही सबब पुढे करण्यात आली. वस्तुतः मुंबई लष्करात शंभर वर्षे असे हुकूम मानले जात होते. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करातील भरती थांबविण्यात आली.

या निर्णयाचे परिणाम तत्काळ जाणवले. नव्या पिढीची रोजगाराची मुख्य वाट बंद झाली. तिच्याबरोबर पलटणीची शाळा, हुद्दा व पुढील काळातील निवृत्तिवेतनही गेले. निवृत्त महार सैनिकांनी याविरुद्ध अर्ज-विनंत्यांचा मार्ग अवलंबिला. रामजींनी न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याकडून सरकारकडे पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा तयार करवून घेतला, असे चरित्रात म्हटले आहे. दापोली येथे स्थायिक झालेले निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’च्या वतीने १८९४ मध्ये सरसेनापतीस उद्देशून सविस्तर अर्ज तयार केला. त्यात महारांच्या पूर्वसेवेचा दाखला देऊन भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी होती. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज केला. यांपैकी एकाही प्रयत्नास त्या वेळी यश आले नाही. सेवेचा दाखला व राजनिष्ठा यांच्या आधारे केलेली विनंती सरकारला बंधनकारक नव्हती, हे यावरून स्पष्ट झाले.

निवृत्तीनंतरचे जीवन : १८९४ मध्ये रामजी सेवेतून निवृत्त झाले. त्यांना दरमहा ५० रुपये निवृत्तिवेतन मिळे. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस राहिले. दापोली हे जुने लष्करी ठाणे असल्यामुळे लोक त्यास ‘काप दापोली’ म्हणत. तेथे निवृत्त महार शिपायांची मोठी वस्ती होती. या सुभेदार-हवालदारांच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत इतरांबरोबर बसू देण्यास स्थानिक उच्चवर्णीयांचा विरोध होता; याविरुद्ध निवृत्त सैनिकांनी १८९२ पासून सरकारदरबारी दाद मागितली होती. छावणीत ज्यांना इतर सैनिक सलाम करीत, त्यांच्या मुलांना गावात शाळेच्या ओसरीवर बसावे लागे. लष्कराने दिलेला दर्जा छावणीच्या कुंपणापुरताच होता, याचा हा रोकडा अनुभव होय.

दापोलीहून कुटुंब साताऱ्यास गेले. तेथे रामजींना सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. १८९६ मध्ये साताऱ्यास भीमाबाईंचा मृत्यू झाला आणि मुलांचा सांभाळ रामजींची बहीण मीराबाई करू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत नोंदविण्यात आले. वर्गात त्यांना वेगळे, घरून आणलेल्या तरटावर बसावे लागे. रामजींच्या आधीच्या अपत्यांचे बालपण पलटणीच्या वातावरणात गेले होते. भीमराव मात्र वडिलांच्या निवृत्तीच्या वेळी अवघे तीन वर्षांचे होते. छावणीच्या शाळेचे संरक्षण त्यांना लाभले नाही. त्यांच्या शिक्षणाचा सर्व काळ नागरी समाजातील शाळांत गेला.

१९०१ मध्ये रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत असताना मुले त्यांना भेटण्यास निघाली. मसूर स्थानकावर ती उतरली, तेव्हा त्यांच्या अंगावरील चांगल्या पोशाखामुळे स्टेशनमास्तरने त्यांना उच्चवर्णीयांची मुले समजून विचारपूस केली. जात कळताच त्याचा नूर पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसण्यास तयार होईना. अखेर मुलांनी गाडी स्वतः हाकावी व त्याने बाजूने चालावे, असे ठरले. वाटेत त्यांना रात्रभर पिण्यास पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आंबेडकरांनी पुढे आत्मकथनपर टिपणात लिहून ठेवला. सुभेदाराच्या घरातील मुलांजवळ पैसा होता, कपडे होते व सोबतीला खाद्यपदार्थांचे डबे होते. पण सार्वजनिक पाण्यावर त्यांचा हक्क नव्हता. पुढे सव्वीस वर्षांनी महाडच्या तळ्यावर जो प्रश्न ऐरणीवर आला, तो या घराण्याच्या अनुभवात असा पूर्वीच येऊन गेला होता.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले व परळमधील डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. पन्नास रुपयांच्या निवृत्तिवेतनात दोन मुलांचे शिक्षण अशक्य असल्याने आनंदराव या मोठ्या मुलाला नोकरीस लावण्यात आले व भीमरावांचे शिक्षण चालू राहिले. त्यांच्या पुस्तकांसाठी रामजी प्रसंगी विवाहित मुलींचे दागिने उसने आणून गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच ते सोडवून परत करीत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले व १९१२ मध्ये एल्‌फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत दाखल झाले; संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून त्यांची नेमणूक झाल्याचा उल्लेख चरित्रात आहे. तथापि लवकरच वडिलांच्या आजाराची तार आल्याने त्यांना परतावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी मुंबईस मरण पावले. लष्करी सेवेतून मिळालेल्या निवृत्तिवेतनाचा सर्वांत मोठा विनियोग या कुटुंबाने मुलाच्या शिक्षणासाठी केला, असे म्हणता येते.

पहिले महायुद्ध : १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक सैनिक व कामगार फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, ईजिप्त इ. ठिकाणी पाठविण्यात आले. मेसोपोटेमियात कूट-अल्-अमाराच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५–एप्रिल १९१६) अडकलेल्या सैन्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वाढत्या प्राणहानीमुळे ‘लढाऊ’ समजल्या गेलेल्या ठराविक जमातींमधून पुरेसे शिपाई मिळेनात आणि ज्यांना पंचवीस वर्षांपूर्वी निकामी ठरविले होते, त्यांच्याकडे सरकारला पुन्हा वळावे लागले. १९१७ मध्ये महारांची भरती सुरू होऊन ‘१११ महार’ ही पलटण उभारण्यात आली. युद्ध संपल्यानंतर सैन्यकपातीत १९२१ मध्ये ती मोडण्यात येऊन तिचे विलीनीकरण दुसऱ्या पलटणीत झाले. गरज संपताच वाट पुन्हा बंद झाली.

या काळात भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात (१९१३–१६) व नंतर लंडनमध्ये शिकत होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस परतले. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजातून येत होते. ते जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडविल्यामुळे त्यांचा ग्रंथसंग्रह नष्ट झाला. त्यानंतर करारानुसार त्यांनी बडोद्यास लष्करी सचिवाचे पद स्वीकारले. परदेशी उच्च पदव्या मिळविलेल्या या सुभेदारपुत्रास कचेरीतील शिपाई कागद दुरून फेकून देत आणि शहरात राहण्यास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहातून बाहेर काढल्यानंतर ते मुंबईस परतले. ज्या वर्षी युद्धाच्या निकडीने महार पलटण उभी राहिली, त्याच वर्षी लष्करी खात्यातील उच्च पदावरील एका महारास काम करणे अशक्य झाले, हा योगायोग त्या काळच्या स्थितीचा निदर्शक आहे.

विनंतीकडून हक्काकडे : १९२० नंतर आंबेडकरांनी लष्करभरतीचा प्रश्न नव्या भूमिकेतून मांडला. १ जानेवारी १९२७ रोजी त्यांनी कोरेगावच्या स्तंभास भेट दिली व तेथील सभेत भरतीबंदीविरुद्ध आवाज उठविण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी १९-२० मार्च रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी कोकणातील महारांच्या लष्करी सेवेचा व त्या सेवेमुळे झालेल्या शिक्षणप्रसाराचा आढावा घेतला. भरती बंद झाल्याने समाजाची पीछेहाट कशी झाली, हे त्यांनी विशद केले. चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. प्रतिनिधींत महायुद्धात लढून आलेले सैनिक होते आणि प्रतिकाराची त्यांची तयारी होती; परंतु आंबेडकरांनी त्यांना आवर घातला व ते शिस्तीने वागले. लष्करी शिक्षणाचा नागरी चळवळीस झालेला हा एक उपयोग म्हणता येईल.

१९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सायमन आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात लष्कर, नौदल व पोलीस दलांत अस्पृश्यांच्या भरतीची हमी मागण्यात आली. पूर्वीच्या अर्जांत राजनिष्ठेचे स्मरण व कृपेची याचना होती. या निवेदनात नागरिकत्वाच्या समतेची मागणी होती. अस्पृश्य शिपायांच्या बळावर राज्य मिळविणाऱ्या इंग्रजांनी त्यांनाच लष्कराबाहेर काढले, असा आक्षेप आंबेडकरांनी आपल्या लिखाणात घेतला आहे. या घराण्याच्या तिसऱ्या पिढीने परकीय सत्तेच्या सेवेचा अभिमान बाळगला, तसा तिच्या कृतघ्नतेचा हिशेबही मांडला.

दुसरे महायुद्ध : १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा हिंदी सैन्याची संख्या सुमारे दोन लाख होती, १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांवर गेली. अशा प्रचंड वाढीपुढे ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धांत टिकाव धरू शकला नाही. युद्धास साहाय्य करावे की नाही, याविषयी देशात तीव्र मतभेद होते. स्वातंत्र्याच्या हमीशिवाय सहकार्य नाही, अशी काँग्रेसची भूमिका होती. नाझी जर्मनी व जपान यांचा विजय लोकशाहीस घातक ठरेल, असे आंबेडकरांचे मत होते. त्याचबरोबर ही भरती म्हणजे अस्पृश्य समाजाला मिळालेली संधी आहे, असे ते मानीत. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात त्यांची नियुक्ती झाली. महारांची स्वतंत्र पलटण उभारण्याचा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला होता.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्यानंतर १९४२ मध्ये कामठी येथे दुसरी व १९४३ मध्ये नौशेरा येथे तिसरी पलटण उभारण्यात आली. यांखेरीज बेळगाव येथे एक संरक्षक पलटणही स्थापन झाली. रेजिमेंटच्या पहिल्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले व १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. ज्या सरकारच्या सरसेनापतीकडे निवृत्त सुभेदार-हवालदारांनी अर्ज केले होते, त्याच सरकारच्या मंत्रिमंडळात अशा एका सुभेदाराचा मुलगा अर्धशतकानंतर बसला.

युद्धसमाप्तीनंतर १९२१ ची पुनरावृत्ती झाली नाही. महार रेजिमेंट मोडण्यात आली नाही; १९४६ मध्ये तिचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये करण्यात आले आणि १९४७ मध्ये ती स्वतंत्र भारताच्या सैन्याचा भाग बनली. तिचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. कालांतराने तिच्या पलटणींत इतर समाजांतील जवानांनाही प्रवेश मिळाला. १९८७ मध्ये श्रीलंकेतील कारवाईत वीरमरण आलेले व परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे अधिकारी होते. त्यांचा जन्म मुंबईचा.

मूल्यमापन : वसाहतवादी सत्तेच्या लष्करात हिंदी लोकांनी केलेल्या सेवेचे मूल्यमापन बहुधा दोन टोकांनी केले जाते. एका मते ती केवळ परक्यांची चाकरी होती, तर दुसऱ्या मते तीमुळे मागासलेल्या समाजांचा उद्धार झाला. सकपाळ-आंबेडकर घराण्याचा इतिहास यांपैकी कोणत्याही एका मताला पूर्णपणे दुजोरा देत नाही. लष्कराने या कुटुंबास गावगाड्याच्या बंधनांतून बाहेर काढले, साक्षर केले व निवृत्तिवेतनाचा आधार दिला, हे निर्विवाद आहे. परंतु हे लाभ सत्तेच्या सोयीनुसार मिळत व त्याच सोयीनुसार काढून घेतले जात. १८९२-९३ ची बंदी, १९१७ ची भरती, १९२१ ची बरखास्ती व १९४१ ची पुन्हा भरती या चार घटना एकत्र पाहिल्या, तर युद्ध व शांतता यांच्या भरती-ओहोटीबरोबर एका समाजाचे भवितव्य कसे हेलकावत होते, हे ध्यानात येते.

या अनुभवातून घराण्याच्या तिसऱ्या पिढीने काढलेला निष्कर्ष पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. कितीही मोठी सेवा केली, तरी तीमुळे हक्क निर्माण होत नाही. हक्क कायद्याने प्रस्थापित करावे लागतात. भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनी काम केले, त्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात राज्याच्या अधीन असलेल्या नोकऱ्यांत सर्व नागरिकांना समान संधीची हमी देण्यात आली असून जात, वंश, धर्म वा जन्मस्थान यांच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई आहे. सुभेदार रामजींच्या काळी भरती बंद करण्यासाठी सरकारचा एक हुकूम पुरेसा झाला होता. १९५० नंतर तसा हुकूम काढणे कोणत्याही सरकारला कायद्याने शक्य राहिले नाही.